खडू कोणाच्या हाती : विद्यार्थी-शिक्षकाचा इतिहास आणि आपण

शाळेत शिकणाऱ्या थोरल्या मुलामुलींनी धाकट्यांच्या वर्गात जाऊन शिकवावे आणि त्यातून कामाचा अनुभव मिळवावा, ही कल्पना अलीकडे पुन्हा मोठ्या कौतुकाने मांडली जात आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुलांनी एकमेकांना शिकवण्याची शिफारस केली आहे. मुंबईच्या उपनगरांत असे प्रयोग मी गेली काही वर्षे जवळून पाहतो आहे. महापालिकेच्या प्राथमिक शाळेत किंवा वस्तीतल्या बालवाडीत नववी ते बारावीची मुले येतात. पाढे म्हणून घेतात, गोष्टी सांगतात, वह्या तपासतात आणि काही महिन्यांनी अनुभवाचे प्रमाणपत्र घेऊन जातात.

या कल्पनेला विरोध करण्याचे वरवर पाहता काहीच कारण नाही. शिकवल्याने शिकणे पक्के होते, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते. परंतु शिक्षणातील कोणतीही कल्पना आपण निव्वळ कल्पना म्हणून स्वीकारू शकत नाही. ती कोणत्या समाजात, कोणाच्या हातून आणि कोणासाठी राबवली जाते, हे तपासूनच पुढे जावे लागते. म्हणून मला तीन प्रश्न पडतात. हा अनुभव कोणाला मिळतो? कोणाच्या मुलांवर मिळतो? आणि तो मिळाल्यावर पुढे कोणते दार उघडते? मी इतिहासाचा अध्यापक आहे आणि माझ्या घराण्यात पदवी घेणारा पहिला माणूस आहे. या दोन्ही नात्यांनी या प्रश्नांची उत्तरे मला मागे जाऊन शोधावी लागतात.

विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला शिकवायचे, ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. पंतोजीच्या शाळेत थोरली मुले पुढे उभी राहून पाढे, पावकी, निमकी म्हणत आणि धाकटी मुले त्यांच्यामागून घोकत. धुळपाटीवर अक्षर गिरवणाऱ्या लहान्याचा हात थोरला मुलगाच धरी. दक्षिणेतही हीच चाल होती. मद्रासजवळ एग्मोर येथे लष्करी अनाथ मुलांच्या शाळेचा कारभार १७८९ साली अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याकडे आला. देशी शाळेतली मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना त्याने पाहिली. आपल्या शाळेतले शिक्षक ही पद्धत वापरायला तयार होईनात, तेव्हा त्याने आठएक वर्षांच्या एका मुलालाच मुळाक्षरे शिकवण्याच्या कामावर बसवले. प्रयोग साधला. १७९७ साली बेलने तो लंडनमध्ये छापून प्रसिद्ध केला. पुढे जोसेफ लँकेस्टरने अशाच पद्धतीने एका शिक्षकाच्या देखरेखीखाली शेकडो मुलांची शाळा चालवून दाखवली. बेलची पद्धत 'मद्रास पद्धती' म्हणून ओळखली जाऊ लागली. मुंबई इलाख्यात १८२०नंतर देशी भाषांतल्या शाळा काढण्यासाठी जी मंडळी स्थापन झाली, तिने लँकेस्टरची पद्धत आदर्श मानली. म्हणजे आपल्याच अंगणातली रीत साहेबाचा शिक्का घेऊन आपल्याकडे परत आली.

तिच्या कौतुकामागचे मुख्य कारणही विसरता कामा नये. ही पद्धत स्वस्त होती. गरिबांच्या मुलांना शिकवायचे, पण त्यासाठी फार पैसा खर्चायचा नाही, या पेचावर काढलेला तो तोडगा होता. श्रीमंतांच्या मुलांना कोणी आठ वर्षांच्या मुलाकडून शिकवून घेतले नाही.

आता या चित्रात आपण कोठे होतो? पंतोजीच्या ओसरीवर पुढे उभा राहणारा तो थोरला मुलगा आमच्यातला नव्हता, कारण त्या ओसरीवरच आम्हाला मज्जाव होता. इंग्रजी अंमल आल्यावरही ही गोष्ट आपोआप बदलली नाही. मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने शिक्षणावरच्या आपल्या टिपणात फार स्पष्ट लिहून ठेवले आहे. मिशनऱ्यांना सर्वांत खालच्या जातींतले विद्यार्थी सर्वांत चांगले वाटतात, हे त्याला माहीत होते. पण शिक्षणाचे मूळ प्रथम त्यांच्यात रुजले तर ते वर पसरणार नाही आणि बाकीचा समाज आपल्यापासून दुरावेल, अशी त्याला धास्ती होती. बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी जे निवेदन ठेवले, त्यात या धोरणाचा सगळा हिशेब मांडला आहे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागणाऱ्या महार मुलाचे प्रकरणही त्या हिशेबातलेच. सरकारने त्याचा हक्क तत्त्वतः मान्य केला, पण दार काही उघडले नाही. ज्याला वर्गात बसू दिले जात नाही, त्याच्या हाती वर्ग कोण सोपवणार? तेव्हा विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला शिकवण्याची ही परंपरा ज्यांना 'आपली' म्हणून मिरवायची असेल त्यांनी मिरवावी. आपल्याला मात्र तिच्याकडे दाराबाहेरून पाहावे लागते.

इंग्लंडमध्ये पुढे एक महत्त्वाचा बदल झाला. विद्यार्थ्याकडून फुकट किंवा जवळजवळ फुकट शिकवून घेण्याची पद्धत निकस ठरू लागली, तेव्हा १८४६ साली 'विद्यार्थी-शिक्षक' ही नवी योजना आली. किमान तेरा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने पाच वर्षे शाळेतच उमेदवारी करायची. दिवसा शिकवायचे, मुख्याध्यापकाने त्यांना वेगळा वेळ काढून शिकवायचे आणि सरकारने त्यांना वर्षाला दहा पौंडांपासून वीस पौंडांपर्यंत वाढत जाणारे वेतन द्यायचे. शेवटी परीक्षा होई. तीत जे वर येत त्यांना अध्यापक महाविद्यालयासाठी शिष्यवृत्ती मिळे. कामगारांच्या कितीतरी मुली या वाटेने शिक्षिका झाल्या. १८५४च्या वुडच्या खलित्याने हीच योजना हिंदुस्थानसाठी सुचवली होती. होतकरू विद्यार्थ्याला थोडे वेतन, मग नॉर्मल स्कूल, मग प्रमाणपत्र, मग नोकरी, असा तो क्रम होता.

येथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. बेल-लँकेस्टरच्या पद्धतीत मुलाचे श्रम होते, पण शिडी नव्हती. १८४६च्या योजनेत श्रमही होते आणि शिडीही होती. माझ्या मते या विषयाची सारी नीती या एका फरकात आहे. पुढच्या दीड-पावणेदोनशे वर्षांत ज्या ज्या वेळी मुलांना वर्गापुढे उभे करण्याची टूम निघाली, त्या त्या वेळी विचारायचा प्रश्न हाच होता : शिडी आहे, की नुसतेच खांदे वापरायचे आहेत?

आपल्या बाजूने पाहिले तर विद्यार्थी-शिक्षकाचा खरा इतिहास पुण्यात सुरू होतो. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१चा. १८४८ साली त्या मुलींपुढे शिकवायला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचे वय सतरा होते. आजच्या हिशेबाने अकरावी-बारावीतली मुलगी. जोतीरावांकडे शिकत शिकतच त्या शिकवू लागल्या. त्यांच्या या कामाकडे 'अनुभव' म्हणून कोणी पाहिले नाही. ते बंड होते आणि त्याची किंमत त्यांनी रस्त्यावर शेण-दगड झेलून मोजली. त्या शिकवण्याचे फळ काय, तर १८५५ साली मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. तीन वर्षांच्या शिक्षणानंतर एका विद्यार्थिनीने आपल्या समाजाचे दुःख स्वतःच्या शब्दांत मांडून साऱ्या व्यवस्थेला जाब विचारला होता. शिकणारे मूल शिकवू शकते याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही. मुक्ताने शिकवले ते वाचणाऱ्या थोरामोठ्यांना.

१८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी निवेदन दिले. त्यात प्राथमिक शाळांतील शिक्षक बहुतेक सारे ब्राह्मण आहेत आणि त्यांतले थोडेच प्रशिक्षित आहेत, हे त्यांनी सांगितले. शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करावेत, ते लोकांत मिसळणारे असावेत, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराची तासणी हाती धरण्यात त्यांना कमीपणा वाटू नये, अशी त्यांची मागणी होती. काम आणि शिक्षण यांचा मेळ घालण्याची भाषा पुढे अनेकांनी केली. वर्ध्याला १९३७ साली मूलोद्योगी शिक्षणाची योजना निघाली. पण जोतीरावांचा मुद्दा वेगळा होता. मुलांनी कोणते काम करावे यापेक्षा शिक्षक कोणाच्या घरातून यावा, हे ते विचारत होते.

या प्रश्नाचे उत्तर आमच्या समाजाला शाळाखात्याआधी लष्कराने दिले, हा इतिहासाचा विनोद आहे. पलटणीत शिपायांच्या मुलांसाठी शाळा असत आणि त्यांतून आमच्यातले शिक्षक निघाले. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत हेडमास्तर होते. १८९२-९३च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली आणि ही वाटही खुंटली. याच हेडमास्तरांच्या मुलाला साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकाने त्याला गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळू नयेत म्हणून सवर्ण मुले धावली. ही हकीकत आपण सर्वांनी अनेकदा ऐकली आहे. पण या लेखाच्या विषयाच्या संदर्भात ती पुन्हा आठवावी. आमच्या मुलाने खडू हाती घेऊन फळ्यापाशी जाणे हीच मुळात एक सामाजिक घटना होती. इतरांच्या मुलांसाठी तो कार्यानुभव असेल. आमच्यासाठी फळ्यापर्यंतची ती चार पावले चालायला एक शतक लागले.

पुढे सातवी पास होऊन 'व्हर्नाक्युलर फायनल'ची परीक्षा दिली की प्राथमिक शिक्षक होता येई. ही एक लहानशी, पण खरी शिडी होती. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने १९३५ साली साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढले, तेव्हा बहुजन समाजातल्या मुलांना या शिडीची आणखी एक पायरी मिळाली. आमच्या कितीतरी घरांतला पहिला पगारदार माणूस हा 'फायनल' झालेला मास्तर होता. तो मास्तर झाला म्हणजे सुटला, असे मात्र नव्हे. माधव कोंडविलकरांचे 'मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे' १९७९ साली प्रसिद्ध झाले. ती कोकणातल्या खेड्यात शिकवणाऱ्या एका चांभार प्राथमिक शिक्षकाची रोजनिशी आहे. हाती खडू आला तरी गाव जात विसरत नाही, हे त्या पुस्तकाने पानापानांवर दाखवले. तरीही शिक्षकाची ती खुर्ची आपल्याला हवी होती आणि आपण ती मिळवली. त्यामागे मोठे मोल दिलेले आहे.

आता उपनगरांकडे येऊ. १९५० साली मुंबई महापालिकेची हद्द पश्चिमेला जोगेश्वरी आणि मध्य रेल्वेच्या बाजूला भांडुपपर्यंत वाढली. १९५७ साली ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. गिरण्या, कारखाने, बांधकामे आणि सफाईकाम यांसाठी मराठवाडा, विदर्भ, घाट आणि कोकणातून आलेली आपली माणसे याच हद्दीत खाडीकाठाला, डोंगरउताराला आणि रेल्वेरुळांच्या कडेला वसली. घाटकोपरच्या चिरागनगरात अण्णा भाऊ साठे राहिले. शाळेची पायरी त्यांनी उणीपुरी दीड दिवस चढली, असे सांगतात. त्याच घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि दहा माणसे मेली. या वस्त्यांतल्या मुलांसाठी महापालिकेची शाळा हीच पहिली, आणि पुष्कळदा एकमेव, शाळा होती. त्या शाळेच्या वर्गात काय चालते हा आपल्यासाठी परोपकाराचा विषय नाही. तो घरचा विषय आहे.

या शाळांत कार्यानुभव कसा आला हेही पाहण्यासारखे आहे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शालेय शिक्षणात कार्यानुभव असावा अशी शिफारस केली. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने त्याला 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' असे नाव दिले. हेतू चांगला होता. बौद्धिक काम करणाऱ्यांना हाताच्या कामाची लाज वाटू नये, हा होता. पण हा हेतू कोणाच्या मुलांना समोर ठेवून ठरला? ज्याचा बाप गटारात उतरतो आणि आई चार घरची भांडी घासते, त्या मुलाला श्रमप्रतिष्ठेचा धडा कशाला हवा? त्याला हवी होती प्रतिष्ठेची कामे करण्याची संधी. माझ्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आम्ही कागदी फुले केली, मेणबत्त्या केल्या आणि साच्यात घालून खडूही केले. आम्हाला खडू करायला शिकवले गेले. खडू धरून वर्गापुढे उभे राहण्याचाही कार्यानुभव असू शकतो, हे कोणाच्या डोक्यात आले नाही.

मला तो अनुभव अपघातानेच मिळाला. नववीत असताना निवडणुकीच्या कामाला गेलेल्या एका बाईंच्या जागी मला चार दिवस दुसरीच्या वर्गात बसवले. पहिल्या दिवशी मुले मला दादा म्हणत होती. तिसऱ्या दिवशी एकाने चुकून 'सर' म्हटले आणि सारा वर्ग हसला. मी हसलो नाही. आमच्या चाळीत तोवर कोणालाही 'सर' म्हटलेले मी ऐकले नव्हते. माझ्या थोरल्या बहिणीचा अनुभव याहून लांबचा आहे. दहावीनंतर ती वस्तीतल्या एका बालवाडीत चार वर्षे शिकवत होती. तिचे काम उत्तम होते. चाळीसभर मुले तिने पहिलीसाठी तयार केली. पण डी.एड.ची फी आणि दोन वर्षे बिनपगारी राहण्याची ऐपत आमच्या घरात नव्हती. बालवाडी बंद पडली, तेव्हा तिच्या चार वर्षांचा कोठेही दाखला उरला नाही. आज ती एका दुकानात हिशेब लिहिते. तिचे आडनाव लावून 'सर' झालो तो मी. अनुभव तिच्याकडे माझ्याहून जास्त होता.

ही एका घराची गोष्ट असती तर मी ती येथे लिहिली नसती. १९८८-८९पासून महाराष्ट्रात अकरावी-बारावीच्या स्तरावर किमान कौशल्यांवर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम सुरू झाले. त्यांत पाळणाघर व पूर्वप्राथमिक शाळा व्यवस्थापन हाही अभ्यासक्रम होता आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव हा त्याचा भाग होता. म्हणजे विद्यार्थिनीने वर्गात काम करत शिकावे, ही कल्पना शासनमान्य होती. पण 'पाळणाघर' या शब्दातच त्या मुलीची मर्यादा आखलेली होती. लहान मुले सांभाळणारी बाई, येथवर ती पोहोचली. प्राथमिक शिक्षिकेच्या खुर्चीकडे जाणारा जिना तेथून निघत नव्हता.

१९९५ साली मुंबईत 'प्रथम' ही संस्था उभी राहिली. तिने वस्त्यांमधून बालवाड्या चालवल्या आणि नंतर 'बालसखी' हा उपक्रम महापालिकेच्या शाळांत नेला. बालसखी म्हणजे त्याच भागातली, माध्यमिक शिक्षण झालेली तरुण मुलगी. तिला सुरुवातीला दोन आठवड्यांचे प्रशिक्षण मिळे. तिसरी-चौथीतली जी मुले मागे पडली असतील, अशी पंधरा-वीस मुले ती दिवसातून दोन तास वेगळी घेऊन बसे आणि वाचन व अंकज्ञान पक्के करी. महिन्याला तिला पाचशे ते साडेसातशे रुपये मिळत. २००१ ते २००३ या काळात मुंबईच्या एल विभागात, म्हणजे घाटकोपरला लागून असलेल्या कुर्ल्यात, आणि बडोद्यात या उपक्रमाची शास्त्रीय पाहणी झाली. ती करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो होते. पुढे २०१९ साली अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे ते मानकरी ठरले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा की, बालसखी असलेल्या शाळांतील मुलांची प्रगती स्पष्टपणे अधिक झाली आणि सर्वांत जास्त लाभ सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला. मात्र उपक्रमातून बाहेर पडल्यावर वर्षभरात त्या लाभाचा बराच भाग ओसरला.

या पाहणीतून मी दोन गोष्टी घेतो. पहिली ही की, वस्तीतली, फार न शिकलेली मुलगी योग्य मदत मिळाली तर ते करू शकते, जे मोठी व्यवस्था करू शकत नाही. मागे पडलेली मुले आपलीच असतात आणि त्यांना पुढे आणणारी मुलगीही आपलीच असते. आमच्या मुलांना शिकवायला वरून कोणी उतरावे लागते, या समजाला यापेक्षा सणसणीत उत्तर नाही. दुसरी गोष्ट अशी की, एक बालसखी सरासरी वर्षभरच टिकत असे. ती पुढे कोठे गेली, हा त्या पाहणीचा विषय नव्हता. मुलांचे गुण मोजले गेले, खर्च मोजला गेला. शिकवणाऱ्या मुलीचे काय झाले हे मोजायचे कोणाला सुचले नाही. इतका स्वस्त उपाय सापडला याचा आनंद झाला, तसाच तो दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्येही झाला होता.

आणि आता याच वर्गात दुसऱ्या दारातून आणखी एक विद्यार्थी येतो. आयसीएसई मंडळाच्या शाळांत समाजोपयोगी कार्य आणि समाजसेवा हा मूल्यमापनाचा भाग आहे. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट पदविकेच्या अभ्यासक्रमात 'सर्जनशीलता, कृती, सेवा' हा अनिवार्य घटक आहे. त्यासाठी मोठ्या शाळांतली काही मुले वस्तीतल्या शाळेत येतात, आठवड्यातून तासभर इंग्रजी शिकवतात आणि त्याचा वृत्तान्त लिहितात. या मुलांविषयी माझ्या मनात राग नाही. त्यांतली काही मनापासून शिकवतात आणि ज्या जगाशेजारी आपण राहतो ते जग प्रथमच पाहून हादरतात. पण हिशेब मांडायलाच हवा. आमच्या मुलांच्या वर्गात घालवलेले तीस-चाळीस तास त्या मुलाच्या अर्जात लिहिले जातात आणि परदेशी विद्यापीठाच्या प्रवेशाच्या वेळी कामाला येतात. त्याच वर्गात वर्षभर राबलेल्या रमाबाई नगरातल्या मुलीच्या हाती काय पडते? एकाचा अनुभव भांडवल होतो, दुसरीचा अनुभव मजुरीही होत नाही. वर्ग तोच, खडू तोच, मुले तीच. समाजातली जागा मात्र वेगळी. जात आणि वर्ग आता फळ्यामागच्या डब्यांत दिसणार नाहीत, पण ते प्रमाणपत्रांत मुक्कामाला आले आहेत.

दुसरीकडे शिक्षक होण्याची शिडी लांब होत गेली. सातवीनंतरची 'फायनल' इतिहासजमा झाली. आता बारावी, त्यानंतर दोन वर्षांची पदविका, मग शिक्षक पात्रता परीक्षा. राज्यात ती पहिल्यांदा २०१३ साली झाली. २०३०पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही किमान अट करण्याचे नव्या धोरणाचे उद्दिष्ट आहे. शिक्षक अधिक शिकलेला असावा याला कोणाचा विरोध असणार? पण नोकरी लागली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढायची. २०२३पासून हे मानधन प्राथमिकसाठी महिना सोळा हजार झाले, त्याआधी ते सहा हजार होते. ही इतकी वर्षे कोण थांबू शकतो? ज्याच्या घरात आधीच कोणीतरी कमावते आहे तो. शिडी लांब करायची आणि खालच्या पायऱ्या काढून घ्यायच्या, म्हणजे वर कोण चढणार हे वेगळे सांगावे लागत नाही.

मग हे सारे बंद करावे काय? मी तसे म्हणत नाही. माझ्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या काही विद्यार्थिनी शनिवारी एका प्राथमिक शाळेत जातात. तेथे चौथीतला एक मुलगा वजाबाकीत नेहमी शून्य मिळवी. माझ्या एका विद्यार्थिनीने त्याला संध्याकाळी आईच्या भाजीच्या पाटीवर बसलेला पाहिले होते. पन्नासच्या नोटेतून सदतीस वजा करून सुटे पैसे तो क्षणात मोजून देतो, हे तिला ठाऊक होते. तिने फळ्यावर कोथिंबिरीची जुडी काढली आणि हातच्याची वजाबाकी त्या जुडीपासून सुरू केली. हे ज्ञान कोणत्याही अध्यापक विद्यालयात मिळत नाही. ते तिच्याकडे होते, कारण ती त्याच गल्लीत राहते. सकाळी वर्गात पेंगणारे मूल आळशी नसते, ते पहाटे नळावर उभे असते, हेही तिला सांगावे लागत नाही. जोतीरावांनी १८८२ साली लोकांत मिसळणारा शिक्षक मागितला होता. तो असा असतो.

म्हणूनच आपण या उपक्रमांत उतरावे, पण आपल्या अटींवर. विद्यार्थी हा शिक्षकाच्या जागी नसावा, शिक्षकाच्या बरोबर असावा. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गात तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरवले आहे. जागा रिकाम्या ठेवून त्या मुलांकडून भरून घेणे ही त्या कायद्याची फसवणूक आहे. गरीब घरच्या विद्यार्थ्याला या तासांचे विद्यावेतन मिळावे. १८४६ साली इंग्लंडला जे परवडले ते आज आपल्याला परवडत नाही, असे कोणी सांगू नये. झालेल्या कामाची रीतसर नोंद व्हावी आणि ती अध्यापनाच्या पदविकेला किंवा पदवीला प्रवेश देताना धरली जावी. आणि वस्तीतल्या शाळेत उभे राहण्याची पहिली संधी वस्तीतल्याच मुलीला मिळावी. बाहेरच्या शाळेतून येणाऱ्याने तिच्या हाताखाली शिकावे. यातले काहीही क्रांतिकारक नाही. हा शिडीचा हिशेब आहे.

शासन हे आपण होऊन करणार नाही. पण कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना एक काम आजपासून करता येईल. आपल्या वस्तीतल्या बालवाडीत, अभ्यासिकेत, महापालिकेच्या शाळेत गेल्या वीस-तीस वर्षांत ज्या मुलींनी शिकवले, त्यांची यादी करा. कोणत्या वयात शिकवायला लागल्या, किती वर्षे शिकवले, किती मिळाले आणि पुढे काय झाले, एवढे चार रकाने पुरेत. मुंबईच्या उपनगरांच्या शिक्षणाचा इतिहास लिहायचा झाला तर तो या यादीवाचून लिहिता येणार नाही. आपल्या कितीतरी मुलांच्या हाती पहिली पाटी देणाऱ्या या मुली कोणत्याही दप्तरात नाहीत. मी माझ्या बहिणीच्या नावापासून सुरुवात केली आहे. आता यादीत सव्वीस नावे आहेत, आणि ती सगळी एकाच नगरातली आहेत.